आजीचं बीपी: बसून मोजा, उभं करूनही मोजा

"म्हातारीचं आता वय झालं, बीपी वाढणारच, गोळ्या कशाला?" असं आपल्या चाकूरकडं सर्रास म्हणतात. वयानं रक्तवाहिन्या कडक होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरं. पण म्हणून तो तसाच सोडायचा नसतो. २००८ साली एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. युरोप, चीन आणि इतर काही देशांतली ऐंशीच्या पुढची ३,८४५ माणसं त्यात होती. वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त असलेल्यांचं बीपी गोळ्यांनी १५० पर्यंत उतरवायचं, एवढंच ठरलं होतं. गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी झाले.

अर्थात ती माणसं बऱ्यापैकी हिंडती-फिरती होती. अंथरुणाला खिळलेल्या, जेवण तुटलेल्या आजीसाठी किती उतरवायचं, ते डॉक्टरांनीच ठरवावं.

आम्हाला जास्त धास्ती वाटते ती पडण्याची. रात्री आजी लघवीला उठते, उभं राहताच बीपी झपकन उतरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते आणि खुब्याचं हाड मोडतं. म्हणून उपकेंद्रात पाच मिनिटं शांत बसवून बीपी मोजलं, की आजीला धरून उभं करा. एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. नर्सबाईंना हे सांगायला लाजू नका, गर्दीत राहून जातं. घरी मात्र आजीनं आधी पाय खाली सोडून काठावर बसावं, मग उठावं.

उन्हाळ्यात किंवा जुलाब लागल्यावर अंगातलं पाणी कमी होतं, तेव्हा नेहमीचीच गोळी जड जाते. अशा वेळी लगेच विचारा. मनानं गोळी बंद करू नका, उपासालाही चुकवू नका. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी बीपी चढतं, म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगळ्या नावानं दिलेलं असू शकतं.

लोणचं, पापड, खारे शेंगदाणे कमी करा. पण अळणी म्हणून आजी जेवतच नसेल, तर आधी तिचं जेवण सांभाळा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर बीपीची जादा गोळी देऊ नका, पाणीही पाजू नका. १०८ ला फोन लावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.