युलेझ: बाप एक, बारसे दुसऱ्याच्या नावाने

लंडनच्या युलेझची, म्हणजे ‘अत्यल्प उत्सर्जन क्षेत्रा’ची, जाहीर कहाणी सर्वांना पाठ आहे. धूर ओकणारी जुनी गाडी रस्त्यावर आणली की दिवसाचे 12.50 पौंड मोजायचे. महापौर सादिक खान यांनी ही योजना आणली आणि हुजूर पक्षाने बोंब ठोकली, एवढे वाचून लोक पान उलटतात. जुने बातमीदार मात्र इथे गालातल्या गालात हसतात. मध्य लंडनसाठी योजना पक्की झाली 2015 साली, महापौर होते हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन. मुहूर्त सप्टेंबर 2020चा होता. खान यांनी तो 8 एप्रिल 2019वर आणला. पुढे योजना शहराच्या वेशीपर्यंत न्यायचे ठरले, तेव्हा विरोधकांच्या गोटात एक ओळखीचा चेहरा होता. खुद्द जॉन्सन!

त्याच जॉन्सन यांनी खासदारकी सोडली आणि जुलै 2023मध्ये अक्सब्रिजला पोटनिवडणूक लागली. खान यांचा मजूर पक्ष अवघ्या 495 मतांनी हरला. खापर फुटले युलेझवर, आणि पक्षनेते स्टार्मर यांनीच खान यांना फेरविचाराचा सल्ला दिला. घरचेच असे उलटले असताना आठवड्याभरात उच्च न्यायालयाने पाच स्थानिक परिषदांचे आव्हान फेटाळले. 29 ऑगस्टला योजना लंडनभर लागू झाली. पक्षाला बुडवणार म्हणून जिच्या नावाने बोटे मोडली, तीच योजना गळ्यात बांधून खान मे 2024मध्ये तिसऱ्यांदा निवडून आले.

या योजनेत ना टोलनाका, ना फाटक. खांबावरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, संगणक गाडीची कुंडली काढतो. पेट्रोलला युरो 4, डिझेलला युरो 6 हा निकष. त्यात न बसणाऱ्याने तीन दिवसांत पैसे भरले नाहीत, तर दंडाची नोटीस घरपोच. मग ‘ब्लेड रनर्स’ म्हणवणाऱ्या टोळ्यांनी वायरी कापल्या, भिंगांवर रंग फासला. त्यातल्या त्यात सोज्वळ मंडळींनी कॅमेऱ्यासमोर चक्क वटवाघळांसाठी निवारा-पेटी टांगली. ब्रिटनमध्ये वटवाघळांच्या निवाऱ्याला हात लावणे गुन्हा आहे ना! धुराची फिकीर नसलेल्यांना वन्यजीवांचा असा उमाळा येईल, हे योजनेच्या कोणत्याही अहवालात नव्हते.

नियमांतल्या गमती वेगळ्याच. शुल्काचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री. जुन्या डिझेल गाडीने रात्री पावणेबाराला निघून सव्वाबाराला घरी पोचलात, तर अर्ध्या तासाचे 25 पौंड. आणि शेजारच्या आजोबांची 45 वर्षांची गाडी? तिची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद असेल, तर शुल्क माफ. थोडक्यात, प्रदूषण करायचेच तर पुरेसे म्हातारे होऊन करावे.

युलेझची थोरली बहीण म्हणजे मध्य लंडनमध्ये गाडी आणण्यावर 2003मध्ये बसलेले गर्दी शुल्क. तिथला किस्सा साहेबी थाटाचा आहे. अमेरिकी दूतावास 2005पासून ते भरत नाही. हा कर आहे आणि दूतावासांना कर माफ असतो, हा त्यांचा युक्तिवाद. तत्कालीन महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी राजदूतांना शेलक्या शब्दांत सुनावले, पण छदाम मिळाला नाही. 2024च्या यादीत अमेरिकेची थकबाकी 1 कोटी 40 लाख पौंडांच्या वर होती. आपल्याकडच्या वाचकांनी फार हसू नये. त्याच यादीत भारतीय उच्चायुक्तालयही अगदी वरच्या ओळींत होते.

आता हिशेबाची गोष्ट. 2024पर्यंत लंडनमधल्या शंभरपैकी 96हून अधिक गाड्या निकषांत बसू लागल्या, म्हणजे शुल्क भरणारे उरले मूठभर. ‘ही निव्वळ पैसे उकळायची युक्ती’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की या योजनेला जितके यश येते, तितका तिचा गल्ला रिकामा होत जातो.