मिशनची शाळा आणि आपले घर

शाळाप्रवेशाचे दिवस आले की जालन्यातल्या अनेक मुस्लिम घरांत एकच चर्चा सुरू होते. अब्बा म्हणतात, ‘‘कॉन्व्हेंटमध्ये घालू. शिस्त आहे, शिकवतातही मन लावून.’’ दादी विचारते, ‘‘तिथे पोरीला येशूची प्रार्थना म्हणायला लावली तर?’’ दादीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे नीट उत्तर द्यायला हवे.

जालन्याला ख्रिस्ती शाळा नवी नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मराठी धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात शहराजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभारली. तिथे आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले ख्रिस्ती झालेले लोक. त्यांना गावात मान नव्हता आणि शाळेत जागा नव्हती. बेथेलमध्ये त्यांना शेती मिळाली, प्रार्थनाघर मिळाले आणि मुलांना शाळा मिळाली. या वसाहतीसाठी सुमारे 800 एकर जमीन दिली ती हैदराबाद संस्थानचे मुस्लिम दिवाण पहिले सर सालारजंग यांनी. घेणारा ख्रिस्ती आणि देणारा मुसलमान असूनही दिवाणांच्या इमानाला त्यामुळे धक्का पोहोचला नाही.

बेथेल प्रोटेस्टंटांचे होते. कॅथलिकांची व्यवस्था वेगळी आहे. 1977 साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि जालना त्यात आले. पण पंथ कोणताही असो, शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईच्या मनातला प्रश्न एकच असतो.

या प्रश्नावर सीरतमधला बद्रचा प्रसंग आठवावा. युद्धात पकडलेल्या मक्केच्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणीला पैसे नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांना प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवण्याच्या बदल्यात सोडले. शिकवणारे मुसलमान नव्हते, उलट कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. त्या मुलांत हजरत जैद बिन साबित (रजि.) हेही होते, असे सांगतात. पुढे पवित्र कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम त्यांच्याच हातून झाले.

आता दादीच्या भीतीकडे येऊ. राज्यघटनेचे कलम 28(3) स्पष्ट आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना यांत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच मुख्याध्यापकांना अदबीने विचारा, ‘‘परिपाठात काय म्हणतात? आमची मुलगी त्या वेळी गप्प उभी राहिली तर चालेल ना?’’ गरज वाटली तर तसा अर्ज द्या. मनात संशय ठेवून वर्षभर कुढण्यापेक्षा हे बरे.

मात्र दीन शिकवण्याची जबाबदारी शाळेवर टाकता येणार नाही. संध्याकाळी मक्तब, मगरिबनंतर घरात कुरआनची तिलावत आणि अम्मीच्या तोंडून नबींच्या गोष्टी हे सगळे चालू असेल, तर मुलाचे मन डळमळणार नाही. हे घरात नसेल, तर उर्दू शाळेत घालूनही फरक पडायचा नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नये. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क कलम 30 देते. 1974 साली अहमदाबादच्या सेंट झेवियर्स या कॅथलिक कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो हक्क भक्कम केला. त्या निकालाचा आधार आज आपल्या शाळांनाही आहे.

तेव्हा दादीने निश्चिंत असावे. आणि आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. ज्यांना कुठेच जागा नव्हती, त्यांच्या शाळेसाठी सालारजंगांनी जमीन दिली. आपल्या संस्थांच्या शाळेत शेजारच्या वस्तीतले मातंगाचे, ख्रिस्त्याचे पोर आले, तर आपण त्याला तितक्याच मायेने पहिल्या बाकावर बसवतो का?