नावातलं मिठागर

भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनाबाहेर उत्तनची बस धरली, की इमारती विरळ व्हायला फार वेळ लागत नाही. मुर्धा, राई, मोर्वा, पुढे डोंगरी. मागच्या सीटवर दोघी बोलत असतात. त्यांच्या तोंडी घोड्याचा ‘घोरा’ होतो, वाड्याचा ‘वारा’, पाण्याचं ‘पानी’. ही आगरी बोली. आणि मुर्धा हे आगऱ्यांचं गाव.

‘आगरी’ हा शब्द आला आगरावरून, म्हणजे मिठागरावरून. अनेक जातींची नावं धंद्यावरून पडली. हे नाव मात्र जमिनीच्या एका प्रकाराचं आहे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं. जेमतेम दहावा हिस्सा उरला की मीठ धरू लागतं. पण पुरतं आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षारही खाली बसतात आणि मीठ कडू होतं. नेमकं कधी थांबायचं, हे ज्याला पाण्याकडे बघून कळतं तो आगरी. ती नजर त्या खारजमिनीवरच तयार होते.

माणूस जागेला घडवतो आणि जागा माणसाला, हा मानवी भूगोलाचा जुना विषय. पण त्यात एक मेख आहे. आपण कोण, हे माणसाला बऱ्याचदा शेजारी नवा कुणी आल्यावर आठवतं. याच पट्ट्यात, डोंगरी-उत्तनला, मराठी बोलणारे ख्रिस्ती राहतात. वस्ती पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव ‘ईस्ट इंडियन’! गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले, तेव्हा ‘आम्ही इथले, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे’ हे सांगायला 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं गेलं. दिशा चुकली, पण काम झालं.

मुर्ध्याशेजारी तर अख्खं शहर येऊन उभं राहिलं. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 1991 मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होती. 2011 मध्ये ती 8,09,378 झाली. मेट्रोची कारशेड राई-मुर्धा-मोर्व्याच्या जमिनीवर आखली गेली, ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा ती डोंगरीकडे सरकली. नकाशावर जी जागा मोकळी दिसते, ती गावाच्या लेखी मोकळी नसते.

ब्रिटिश भूगोलज्ञ डोरीन मॅसी यांनी 1991 च्या एका निबंधात लंडनच्या किलबर्न रस्त्याचं उदाहरण देऊन म्हटलं, की ठिकाण म्हणजे कुंपण घातलेला तुकडा नव्हे. दूरदूरचे संबंध जिथे येऊन भेटतात ती गाठ म्हणजे ठिकाण. मला हे पटतं, पण मुर्ध्यात उभं राहिल्यावर अर्धंच पटतं. गाठीचे सगळे दोर सारख्या ताकदीचे नसतात. अर्थात, हेही मॅसीबाईंनीच सांगून ठेवलंय.

त्यांची एक आठवण मला त्या निबंधापेक्षा जास्त आवडते. नऊ-दहा वर्षांच्या असताना त्या बसच्या वरच्या मजल्यावरून मँचेस्टर शहरात जायच्या. वाटेत मर्सी नदीकाठी मैदानंच मैदानं दिसत, फुटबॉल-रग्बीची. एवढी सगळी जागा मुलग्यांना दिलेली, हे त्या पोरीला बसमधूनच खटकलं.

आगरात उलटं होतं. तिथे बायका होत्याच. भातखाचरात वाकलेल्या, आगरातून मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहणाऱ्या. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी धवलारीणही बाईच. जमिनीशी इतका संबंध असूनही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मजात हक्क मिळायला महाराष्ट्रात 1994 साल उजाडावं लागलं, आणि देशभर 2005.

तुमचं गाव कुठलंही असो, घरचा सातबारा एकदा काढून बघा. त्यावर घरातल्या किती बायकांची नावं आहेत ते मोजा.