विद्युत रोध व शक्ती यांचे गणन

विद्युत रोध आणि विद्युत शक्ती या राशी विभवांतर व विद्युतधारा यांच्या मापनावरून काढता येतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम हा रोधाच्या गणनाचा पाया आहे.

सूत्रे

रोध (ओहम) = विभवांतर (व्होल्ट) ÷ विद्युतधारा (अँपिअर)
शक्ती (वॅट) = विभवांतर × विद्युतधारा

२३० व्होल्टवर चालणारी विजेची शेगडी ५ अँपिअर धारा घेत असल्यास तिचा रोध ४६ ओहम व शक्ती १,१५० वॅट असते. ती तासभर चालल्यास १.१५ युनिट वीज खर्च होते.

मोटरसाठी गणन

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रे प्रामुख्याने थ्री फेज मोटरवर चालतात. मोटरमध्ये धारेचे चढउतार विभवांतराच्या मागून होतात. त्यामुळे वरील भागाकारातून वेटोळ्याचा रोध मिळत नाही आणि शक्ती काढताना शक्तिगुणक, म्हणजेच पॉवर फॅक्टर, विचारात घ्यावा लागतो.

थ्री फेज शक्ती = √३ × दोन फेजमधील विभवांतर × विद्युतधारा × शक्तिगुणक

४१५ व्होल्ट, १० अँपिअर व ०.८ शक्तिगुणक असता मोटर सुमारे ५,७५० वॅट शक्ती घेते. शक्तिगुणक वगळून याच शक्तीवरून धारा काढल्यास ती ८ अँपिअर येते. केबलमधील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ८ अँपिअर गृहीत धरून निवडलेल्या केबलमध्ये प्रत्यक्षात अपेक्षेच्या दीडपटीहून अधिक उष्णता निर्माण होते व तिचे आवरण खराब होऊन आगीचा धोका संभवतो.