पकडा तो कार्बन!

लाकडापासून कागदाचा लगदा करायची क्राफ्ट पद्धत 1879 साली कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने शोधली. ही पद्धत वापरणाऱ्या गिरण्यांत तेव्हापासून एक लपंडाव चालू आहे. लपणारा आहे कार्बोनेट, म्हणजेच असेंद्रिय कार्बन. त्याच्या या काही गमती.

नाव सोनूबाई. लाकडाच्या चिपा शिजवणारं व्हाइट लिकर असतं पिवळट. शिजल्यावर निघतं ब्लॅक लिकर. ते मात्र नावाला जागतं. ते आटवून जाळायचं, उरलेले वितळलेले क्षार पाण्यात विरघळवायचे, की झालं ग्रीन लिकर. हिरवी झाक येते ती लोहाच्या सल्फाइडच्या कणांमुळे.

बिनतिकिटाचा प्रवासी. ग्रीन लिकरमध्ये चुना घातला की त्यातल्या कार्बोनेटचा कॉस्टिक सोडा होतो, व्हाइट लिकर परत मिळतं आणि चुनखडी तळाशी बसते. पण सगळ्या कार्बोनेटचा नाही! साधारण 80 ते 85 टक्क्यांवर गाडी अडते. उरलेलं कार्बोनेट लाकूड शिजवायच्या कामाचं नाही, तरी पंपातून, नळांतून फुकट फिरत राहतं. म्हणून त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

ए, बी, सी. प्रयोगशाळेतली जुनी चाचणी याच नावाने ओळखली जाते. नमुन्यात बेरियम क्लोराइड घालताच कार्बोनेटचा पांढराशुभ्र साका होतो. मग थेंबथेंब आम्ल घालत आधी कॉस्टिक, मग सल्फाइड आणि शेवटी कार्बोनेट मोजायचं.

फसफसला की सापडला. दुसरी युक्ती: बंद भांड्यात आम्ल ओतायचं आणि उसळलेला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजायचा. ब्लॅक लिकरमध्ये लाकडाचा सेंद्रिय कार्बनही खच्चून भरलेला असतो. पण नुसत्या आम्लाने त्याचा वायू होत नाही. दोघांची फारकत इथेच होते.

नाकावर विसंबू नका. आम्लाबरोबर सल्फाइडमधून हायड्रोजन सल्फाइडही सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण मात्रा वाढली की नाकच बधिर होतं. वायू विषारी, म्हणून हे काम फ्यूम हूडखालीच.

बूच घट्ट लावा. हे द्रव हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतात. बाटली उघडी राहिली, की गिरणीत नव्हतं तेवढं कार्बोनेट नमुन्यात सापडतं!

तळ्यातलं खनिज नळात. ब्लॅक लिकर आटवणाऱ्या बाष्पकांत जमणारा बर्केइट आणि ग्रीन लिकरचे नळ तुंबवणारा पिर्सोनाइट, हे दोन्ही कार्बोनेटी क्षार कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सर्ल्स तळ्यात निसर्गतःच सापडतात.

चुना लावतात, पण परतही मिळवतात. तळाशी बसलेली चुनखडी भट्टीत भाजली की चुना पुन्हा कामावर रुजू होतो आणि कार्बन डायऑक्साइड चिमणीची वाट धरतो. काही गिरण्यांत मात्र तो वाटेतच अडवतात, पाण्यात कालवलेल्या चुन्यात मुरवतात आणि तयार झालेली शुभ्र पूड कागदात भरतात. इतका वेळ ज्याला हुडकून हुसकावत होते, त्याच्याकडूनच मग कागद उजळून घेतात!