माळ्यावरची खोली

आरोग्याच्या पानावर डॉक्टरने घराच्या नकाशाबद्दल का लिहावे, असे वाचकांना वाटेल. पण गेल्या एप्रिलमध्ये दवाखान्यात नववी संपलेला एक मुलगा आला आणि हा विषय निघाला. रोज दुपारनंतर डोके दुखायचे, मळमळायचे, दोनदा घोळणाही फुटला होता. चष्म्याचा नंबर तपासून झाला होता, टॉनिक चालू होते. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. "अभ्यासाला बसतोस कुठे?" असे विचारले तेव्हा वडील थोड्या अभिमानाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नव्या घरात त्याला वर स्वतंत्र खोली दिलीय."

त्यांच्या आईला तपासायला घरी गेलो तेव्हा ती खोली पाहिली. वर उतरता पत्रा. मधोमध मी जेमतेम ताठ उभा राहिलो, कडेला डोके आपटले. हातभर खिडकी एकच, त्यामुळे वारा आरपार जाण्याची सोय नाही. जिना शिडीसारखा उभा, कठडा नाही. सायंकाळी सहा वाजताही पत्र्याची धग टाळूला लागत होती.

घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. कोंडलेल्या हवेत घाम नुसता निथळतो आणि पंखा तीच तापलेली हवा फिरवतो. अंगातले पाणी व मीठ कमी पडले की डोकेदुखी, पायात पेटके, चक्कर सुरू होते. तान्ही मुले, म्हातारी माणसे आणि रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारे यांना हा त्रास लवकर होतो. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर पाणी पाजत बसू नये. ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत थेट रुग्णालय गाठावे.

मुलाला मी औषध फारसे दिले नाही. खाली झोपायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितले. वडिलांना मात्र घराचे कागद काढायला लावले. मध्यस्थाने "खाली दोन, वर एक" असे सांगून तीन खोल्यांचे पैसे घेतले होते. नगरपालिकेतून मंजूर नकाशाची नक्कल आणली, तर तिच्यात वरच्या जागेवर लिहिलेले होते: माळा, सामानासाठी. "पण साहेब, घरपट्टी वरच्या खोलीसकट लागलीय, खरेदीखतही नोंदवलंय!" असे ते म्हणाले. घरपट्टी आकारली किंवा दस्त नोंदला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. हे मलाही एका वकील मित्रानेच समजावले.

राहत्या खोलीला साधारण २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंची लागते. उतरत्या छपरात ती सरासरीने मोजतात. माळ्याचा नियम वेगळा, कारण तिथे माणूस राहणार नाही हे गृहीत असते. तेव्हा इसार देण्यापूर्वी मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे व टेप घेऊन खोली न् खोली नकाशाशी ताडून पाहावी. मालक टाळाटाळ करू लागला, तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली नगरपालिकेकडे अर्ज करता येतो. सामानापुरता केलेला माळा पलंग, कपाट आणि माणसांचा भार घेईल का, हे जाणत्या इंजिनिअरला दाखवावे. रक्त-लघवीचे वीस वर्षांपूर्वीचे रिपोर्ट जपून ठेवणारे माझे रुग्ण घराच्या बाबतीत मध्यस्थाच्या शब्दावर कसे विसंबतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्या गृहस्थांनी खोली नियमित करून मागितली. उंचीच बसत नाही, असे उत्तर मिळाले. जास्तीचे दिलेले पैसे परत मिळण्याची आशा त्यांनी सोडली आहे. मुलाची डोकेदुखी आठवडाभरात थांबली. तो आता आजीच्या खोलीत अभ्यास करतो. आजीचा रेडिओ मोठ्याने चालतो, एवढीच त्याची तक्रार. माळ्यावर गाद्या आणि जुना बंब ठेवला आहे.