गाडीच्या स्क्रीनवर टायरची हवा आणि तापमान कसं दिसतं? जुन्या गाडीत ही सोय बसवता येते का?

समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी 120 किलोमीटरची वेगमर्यादा आहे. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर या वेगाने तासन् तास गाडी चालवताना टायरमध्ये हवा कमी असेल, तर टायर फुटण्याचा धोका वाढतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्यामुळे तापतो आणि आतून कमकुवत होतो. नुसतं बाहेरून बघून हे अनेकदा लक्षात येत नाही.

टायरच्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात. अमेरिका आणि युरोपात नव्या कारमध्ये ती बंधनकारक आहे. भारतात 2020 च्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी न ठेवण्याची मुभा आहे.

तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे?

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हजवळ सेन्सर असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो.

दुसऱ्या प्रकारात टायरमध्ये सेन्सरच नसतो. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त वेगाने फिरतं. एबीएसचे सेन्सर हा फरक टिपतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारच्या काही गाड्यांमध्ये आकडे उपलब्ध असतात, पण कंपनीने ते स्क्रीनवर दाखवलेले नसतात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून सेटिंग बदलून काही मॉडेल्समध्ये ते दाखवता येतात. दुसऱ्या प्रकारात मात्र दाब मोजलाच जात नाही. त्यामुळे कितीही कोडिंग केलं तरी खरा आकडा मिळणार नाही.

बाहेरून बसवायचे पर्याय

सोपा पर्याय म्हणजे व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे सेन्सर. ते घरीही लावता येतात, पण चोरीला जाऊ शकतात आणि हवा भरताना काढावे लागतात. शिवाय ते टायरच्या बाहेर असल्यामुळे आतलं खरं तापमान त्यांना नीट कळत नाही.

आतले सेन्सर जास्त विश्वासार्ह असतात. मात्र त्यासाठी टायर रिमवरून उतरवून पुन्हा व्हील बॅलन्सिंग करावं लागतं. आकडे छोट्या सोलर डिस्प्लेवर दिसतात. अँड्रॉइड स्टिरिओ असेल, तर यूएसबी रिसीव्हर लावून त्याच स्क्रीनवरही पाहता येतात.

मूळ वायरिंग कापणारं किंवा कोडिंग बदलणारं काम करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

आकडा कसा वाचायचा?

टायर 10 अंशांनी तापला, तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. सकाळी 33 असलेला आकडा दुपारी हायवेवर 37-38 दिसला, तर घाबरू नका. मुख्य म्हणजे गरम टायरमधून हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावर दाब गरजेपेक्षा खाली जाईल आणि धोका वाढेल.

ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरसाठी असतो. निघण्याआधी त्याच्याशी तुलना करा. एकाच टायरचा दाब सतत उतरत असेल किंवा तापमान इतरांपेक्षा बरंच जास्त असेल, तर सुरक्षित जागी थांबून तपासा.

टायर किती झिजलाय किंवा किती जुना आहे, हे मात्र नेहमीचे टीपीएमएस सेन्सर सांगत नाहीत. ते स्वतःच बघावं लागतं.